माँ दंतेश्वरीचा दवाखाना

छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठावे आणि तेथून आग्नेयेची वाट धरावी. वैनगंगा ओलांडली की साग, मोह आणि बांबूचे रान सोबतीला येते. गडचिरोलीपुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर, चातगावजवळ, ‘शोधग्राम’ आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेचे हे ठाणे.

येथील दवाखाना उभारण्यापूर्वी डॉक्टरांनी गोंड आदिवासींनाच विचारले, तो कसा असावा? मोठ्या इस्पितळाची त्यांना धास्ती वाटे. तिथली भाषा कळत नाही, नातलगांना बाहेर काढतात आणि डॉक्टर-परिचारिका पांढऱ्या कपड्यांत वावरतात. पांढरे वस्त्र तर गोंडांकडे प्रेतावर घालतात! म्हणून येथे टोलेजंग इमारत नाही. गोंड पाड्यासारख्या झोपड्या आहेत, त्यांत रुग्णाजवळ घरची माणसे राहतात. दवाखान्याला नाव आहे माँ दंतेश्वरी या देवीचे. शहरातील इस्पितळाच्या जिन्यावर पथारी टाकून ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना या एका सोयीचे मोल सांगावे लागणार नाही. सेवा करणाऱ्यालाही पाठ टेकायला जागा लागते, हे आम्हा शहरवासीयांच्या आराखड्यांत क्वचितच असते.

परंतु रान एवढे विस्तीर्ण, की चांगला दवाखानाही पुष्कळांना दूरच पडतो. नवजात बाळाला तर तेवढी सवड नसते. तेव्हा ‘सर्च’ने ३९ गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब राखीत, श्वास मोजीत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला.

२०११ पासून ही पद्धत देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे आली. दवाखान्यात प्रसूती झाली, तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताईंच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. घरातील आजीने त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये. बाळ उघडून पाहू द्यावे. दोन महिन्यांखालील बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल अथवा ते अंगावर पिणे सोडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच घटकेला दवाखान्याकडे निघावे.