गोफण

मी मॅट्रिकवर थांबलेला मराठीचा मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण लेकीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले की मला घाम फुटतो. परवा तिने विचारले, "बाबा, दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवताना दोरी तुटली, तर दगड कुठं जाईल?" मी मास्तरी थाटात म्हणालो, "सरळ बाहेर, हातापासून लांब!" ती हसली. तिने वर्तुळ काढले आणि त्याला स्पर्शिका. दगड त्या क्षणी ज्या दिशेला धावत असतो, तिकडेच जातो. त्याला बाहेर ओढणारे कुणी नसतेच. दोरीच त्याला आत ओढत असते.

मला एकदम ज्वारीच्या शेतातला माळा आठवला. दगड पाखरांच्या दिशेला आला की मी गोफण सोडी, आणि तो भलतीकडेच जाई. एकदा शेजाऱ्याच्या बैलाला लागला. आबा म्हणाले, "पाखरांम्होरं आल्यावर नव्हं रं, बाजूला हाय तवर सोड."

लेक गणित मांडीत होती. २०० ग्रॅमचा दगड, मीटरभर दोरी, सेकंदाला २ फेरे. ओढ सुमारे ३२ न्यूटन, म्हणजे दगडाच्या वजनाच्या सोळापट! आबांच्या बोटाला गोफणीच्या फासाने काळा घट्टा पडला होता. शाळेतल्या मित्रांपुढे मला त्या बोटाची लाज वाटे. हे मी तिला सांगितले.

"आजोबा किती शिकले होते?"

"दुसरी," मी म्हणालो. "मॅट्रिक मी."