चाकांवरचे घर आणि फोर्लीचा रस्ता

मैत्रिणींनो, 'कॅरव्हॅनने युरोप' म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? बर्फाची शिखरे नि गवतावर खुर्च्या टाकून चहा पिणारी मंडळी! आम्हालाही तेच दिसत होते. पण इंग्लंडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरला आणि कळले, ही सहल आधी कागदावर करावी लागते.

बेत होता चौदा आठवड्यांचा. फ्रान्स, स्पेन, मग इटली आणि अगदी शेवटी फोर्ली. आता तुम्ही विचाराल, फोर्लीच का? सासूबाईंचे काका दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले आणि १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पडले. बोलोन्याच्या आग्नेयेला फोर्ली येथे हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी स्मारकही. "काकांच्या नावावरून एकदा हात फिरवायचाय गं," एवढेच त्यांचे मागणे. वय शहात्तर.

पहिला धडा दिवसांचा. २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. येण्याचा नि निघण्याचा दिवसही त्यातच धरतात. चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस! दोन आठवडे कापले. सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय. ब्रिटनचा व्हिसा तिकडे चालत नाही, म्हणून त्यांनी मुंबईहूनच अर्ज केला. व्हिसा आला, पण ३० दिवसांचा. आणि आमच्या बेतात फोर्ली होते सत्तराव्या दिवशी!

हे म्हणाले, "आई, तू थेट विमानानं ये." त्या म्हणाल्या, "घर दारात उभं असताना मी एकटी विमानात कशाला बसू?" मग मी नकाशाच उलटा केला. आधी फोर्ली, नंतर बाकीचे. तिथून रोमला जाऊन त्या मुंबईचे विमान पकडतील. तेव्हा बायांनो, सहल ज्याच्यासाठी आहे ते ठिकाण आधी मांडा.

कॅलेपासून फोर्ली सुमारे १४०० किलोमीटर. दिवसाला अडीचशेच्या वर जायचे नाही, असे ठरवले आहे. जूनमध्येच निघायचे, कारण ऑगस्टच्या शनिवारी फ्रान्सचे रस्ते तुंबतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो. मोटारीचा वेगळा, कॅरव्हॅनचा वेगळा, हे विसरू नका.

आता आपले खाते, स्वयंपाकघर! कॅम्पवर पुष्कळदा सहाच अँपियर वीज मिळते, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. घरची मोठी विजेची किटली लावली की फ्यूज उडालाच. म्हणून छोटी किटली घ्या आणि कुकर गॅसवर लावा. गॅसच्या टाक्यांची तोंडे देशोदेशी निराळी असतात, तेव्हा जोडण्या आधीच चौकशी करून घ्या. जड सामान खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवावे. वरच्या कपाटांत पोहे, रवा, भाजणी असे हलके डबे. ब्रिटनमधून युरोपात दूधदुभत्याचे पदार्थ नि मांस नेता येत नाही, म्हणून तूप, पनीर, पेढे घरीच. तिकडचे लोणी आणावे नि कढवावे. खमंग तूप होते!

सासूबाईंना गावची मूठभर माती न्यायची होती. तीही चालत नाही, हे सांगताना माझाच जीव खाली-वर झाला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग आपल्या पेटीतून काकांचे शेवटचे पत्र काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले नि म्हणाल्या, "हे तर चालेल ना? तिथूनच आलं होतं ते."

पासपोर्टांच्या पाकिटात, सर्वांत वर, ते पत्र आता ठेवले आहे.