वहीतले गिऱ्हाईक

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी आलेला पाहुणा बहुधा काही कामानेच आलेला असतो, आणि ते काम तो दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत सांगत नाही, असा आमचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. आमचा पुतण्या गोंदियाहून रायपुरास आला तेव्हा हा अनुभव पुन्हा खरा ठरला. मुलीच्या लग्नासाठी पूजेचे साहित्य आणि काही भांडी घ्यावयाची होती, म्हणून आम्ही त्याला बरोबर घेऊन गोलबाजारात निघालो. मालवीय रस्त्यावरून आत वळताच तो म्हणाला, "काका, तुमच्याशी थोडे बोलायचे होते."

त्याचे बोलणे थोडक्यात असे. गोंदियाजवळ बिरसी येथे विमान चालवण्याचे शिक्षण घेऊन, दोनशे तासांचे उड्डाण पुरे करून, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना त्याने मिळवला होता. त्यालाही आता दीड वर्ष झाले. एका हवाई कंपनीची निवडपरीक्षा होईलसे दिसत होते. तत्पूर्वी जेट विमानाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम विमानकक्षात, काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करावा अशी त्याची इच्छा होती. शुल्क पावणेचार लाख रुपये. आमच्या बंधूंनी आधीच घरावर कर्ज काढलेले. आम्ही मात्र लग्नासाठी म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम नुकतीच काढली होती, आणि हे त्याला ठाऊक होते.

"त्याने नोकरी मिळते का?" आम्ही विचारले.

"नाही. परवान्यावर त्याची नोंदसुद्धा होत नाही," तो म्हणाला. हे त्याने न लपवता सांगितले, याचे आम्हांला बरे वाटले. "पण कंपनीचे शिक्षण सुरू होईल तेव्हा मी कोरा नसेन."

बोलत बोलत आम्ही नेहमीच्या दुकानाशी आलो. हळदकुंकू, कापूर, सुपाऱ्या यांच्या राशींमागे म्हाताऱ्या शेठजींनी त्या दिवशी प्रथमच नातवाला गल्ल्यावर बसवले होते. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. समोर चौघे-पाचजण एकदम उभे राहिले. एकाला मोड हवी, एकाला भाव, एकाची पुडी अर्धी बांधलेली. आणि मुलगा गोंधळून गेला. शेठजी आमच्याकडे पाहून हसले आणि हिंदीत म्हणाले, त्याचा भावार्थ असा, की वहीत गिऱ्हाईक एकेक करून येते, दुकानात ते सगळे एकदम येते.

त्या रात्री आम्ही एका स्नेह्यांना दूरध्वनी केला. हवाई कंपनीत अनेक वर्षे वैमानिक घडवण्याचे काम करून ते निवृत्त झाले आहेत. त्यांनी आधी गती समजावून सांगितली. मुले शिकतात ते विमान सव्वा टन वजनाचे. उतरताना त्याचा वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जेट विमान साठ-सत्तर टनांचे, आणि उतरताना अडीचशे किलोमीटरच्या वेगाने धावणारे. हजार फूट खाली यावयास त्याला साधारण तीन सागरी मैल लागतात. म्हणजे छत्तीस हजार फुटांवरून कोलकात्याहून नागपुरास येणाऱ्या विमानाने उतरण्याचा हिशेब राजनांदगावाच्या आसपासच मांडलेला असावा लागतो. "हात विमानाबरोबर असून चालत नाही," ते म्हणाले, "डोके विमानाच्या पुढे असावे लागते. नापास होणारी मुले बटणे न कळल्यामुळे सहसा नापास होत नाहीत. ती मागे पडतात, आणि मागे पडली की गप्प होतात. शेजारी दुसरा वैमानिक बसला आहे याचेही त्यांना भान राहत नाही."

"मग अभ्यासक्रम उपयोगी म्हणायचा?"

"शिकवणारा कोण, त्यावर आहे. स्वयंचलित यंत्रणा बंद करून नुसत्या उपकरणांवर विमान हाकायला लावत असेल, दोघांनी काम वाटून कसे घ्यावे, काय मोठ्याने बोलावे, चूक दिसली तर वरिष्ठालाही कसे सांगावे हे शिकवत असेल, तर पैसे सत्कारणी लागतील. नुसती बटणे दाखवत असेल तर ती कंपनी फुकट दाखवणारच आहे, शिवाय आपल्या पद्धतीने. चुकीची सवय लागली तर ती मोडायला वेगळे कष्ट. आणि परीक्षेच्या फार आधी करू नये, हात गंजतो."

गंमत अशी, की या यंत्राचा जन्मच बाजारात झाला. वाद्ये बनवणाऱ्या कुटुंबातील एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने ऑर्गनचे भाते वापरून १९२९ साली हलणारे खोटे विमान तयार केले, तेव्हा त्याचे बरेच गिऱ्हाईक करमणुकीची उद्याने हेच होते. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवेत एकामागून एक लष्करी वैमानिक दगावले, तेव्हा कोठे अमेरिकन सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. यंत्र तेच. जत्रेत ते खेळणे होते आणि शिक्षकाच्या हाती विद्या झाले.

आम्हा सरकारी माणसांना हे नवे वाटू नये. प्रशिक्षणसंस्थेत आम्हीही नमुन्याच्या नस्त्या हाताळल्या होत्या. पहिल्या नेमणुकीच्या जागी टेबलावर खरी नस्ती आली, त्याच वेळी दूरध्वनी वाजला आणि दारात शिष्टमंडळ उभे राहिले, तेव्हा त्या नमुन्यातले उत्तर आठवेना. तथापि नस्ती कोठून वाचावयास आरंभ करावा एवढे मात्र हाताला ठाऊक होते. तेवढ्याने त्या दिवशी अब्रू वाचली.

सकाळी आम्ही पुतण्याला स्नेह्यांचे प्रश्न कागदावर लिहून दिले: शिक्षक कोण, जोडीदार कोण, प्रत्यक्ष हाकण्याचे तास किती, स्वयंचलित यंत्रणा बंद ठेवून किती. ते त्याने दोन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी सरळ उत्तर मिळेना. दुसऱ्या, कमी दिखाऊ ठिकाणी मिळाले, आणि शुल्कही थोडे कमी निघाले. सौभाग्यवतींनी चांदीच्या भांड्यांची यादी स्वतःच निम्मी केली. मुलगी म्हणाली, "बाबा, दादाला द्या." आम्ही दिले. "ही नोकरीची किंमत नव्हे," एवढे त्याला बजावले.

निवड झाली, ती दुसऱ्या प्रयत्नात. कंपनीचे शिक्षण संपवून तो मुलीच्या लग्नानंतर प्रथमच भेटावयास आला, तेव्हा आम्ही विचारले, "काय रे, पैसे फिटले का?"

तो थोडा थांबून म्हणाला, "काका, पहिले तीन-चार धडे ओळखीचे होते. बाकीचे भांबावले होते, मी नव्हतो. पुढे मात्र सगळे सारखेच. पण त्या तीन-चार धड्यांत मी घाबरलो नाही, म्हणून पुढचे शिकता आले." मग हसून त्याने पुस्ती जोडली, "आणि रिकाम्या खऱ्या विमानाने पहिल्यांदा उतरलो, तेव्हा जमीन सिम्युलेटरातल्यापेक्षा लवकर आली असे वाटले."

परवा कापूर आणावयास गोलबाजारात गेलो होतो. गल्ल्यावर तोच नातू. समोर सहा गिऱ्हाइके. आमची पुडी बांधता बांधता त्याने एकाला मोड दिली, दुसऱ्याला भाव सांगितला, आणि आम्हांला विचारले, "साहेब, विमानवाले भैया कसे आहेत?"