चार वाजताचं रडणं

आमच्या धाकट्याची रिक्षा रोज चारच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी येते. गेल्या पावसाळ्यात ती यायच्या आधीच माझ्या पोटात गोळा यायचा. शाळेची तक्रार नव्हती. उलट बाई म्हणायच्या, आता एका जागी बसतो, फळ्यावरचं उतरवून घेतो. पण घरात पाऊल टाकलं की बुटाच्या नाडीवरून रडणं सुरू. पाणी गार का नाही, ताईनं पट्टी का घेतली, आजीनं टीव्ही का बंद केला. एकदा शाळेत काढलेलं छान चित्र त्यानं माझ्यासमोर टराटरा फाडलं आणि मग त्याच तुकड्यांसाठी अर्धा तास रडला. माझा तोल गेला, मी पाठीत धपाटा घातला. रात्री झोपताना म्हणाला, "आई, मला रडायचं नव्हतं."

तो धपाटा मला अजून टोचतो.

त्याला एडीएचडी आहे, वय सात. आधी बरेच महिने वेळापत्रक, समुपदेशन, आम्हा दोघांचंच प्रशिक्षण, सगळं करून झालं. मग डॉक्टरबाईंनी मिथिलफेनिडेट सुरू केलं. सकाळी आठला एक गोळी, दुपारी बाराला दुसरी, ती शाळेत बाई देतात. (कॅप्सूल असेल तर आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असू शकतं, म्हणून मी आधीच विचारून घेतलं. आमची साधी गोळीच आहे. विचारायला लाजू नका.)

सासूबाईंचं म्हणणं एकच, "पोर आधी उनाड होतं, पण हसरं होतं. या औषधानं चिडकं झालंय. बंद कर." मलाही मनातून तेच वाटत होतं. एका रविवारी कुणाला न सांगता मी गोळी दिलीच नाही. त्या दिवशी चार वाजता रडणं झालं नाही, हे खरं. पण सकाळी भाजी घ्यायला गेलो तेव्हा पलीकडे फुगेवाला दिसला आणि माझा हात सोडून हा रस्त्यात धावला. मोटारसायकलवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. मी णमोकार म्हणत घरी आले. सोमवारी फोन करून डॉक्टरबाईंना खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थांबवायची असेल तर मला विचारून थांबवा. आणि दोन आठवडे लिहून आणा."

हिशेबाच्या वहीची मागची पानं काढली. गोळी किती वाजता, काय खाल्लं, कधी रडला, किती वेळ. चौथ्या-पाचव्या दिवशीच दिसायला लागलं. रडणं चार ते पाचच्या मधलं आणि साडेपाचनंतर पोर पूर्ववत. रविवारी बाराची गोळी एकला दिली, तर रडणंही तासाभरानं पुढं सरकलं. म्हणजे ना बूट, ना पट्टी, ना आजी!

डॉक्टरबाईंनी वही नीट वाचली आणि समजावलं. ही साधी गोळी साधारण तीन-चार तास चालते. तिचा असर उतरताना आवरून धरलेलं सगळं एकदम वर येतं, कधीकधी आधीपेक्षाही जास्त. त्यात दिवसभराचा थकवा आणि रिकामं पोट. कारण याच गोळीनं भूक मरते. डबा तसाच परत यायचा, कच्च्या केळ्याची भाजीसुद्धा, जी त्याच्या जिवाची.

मी लिहिलेली दुसरी गोष्ट मला किरकोळ वाटत होती. रविवारी दुपारी तो गुणगुणत नाही, आजोबांच्या विनोदाला हसत नाही, नुसता बसतो, मध्येच डोळे भरून येतात. त्या म्हणाल्या, ही गोष्ट वेगळी. औषध भरात असताना मूल असं मलूल होत असेल, तर मात्रा त्याला जड होतेय का ते बघावं लागतं. त्यांनी बाराची गोळी अर्धी केली. वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजला. वजन सहाशे ग्रॅम उतरलं होतं. सकाळची गोळी पोटभर न्याहारीनंतरच द्यायची ठरली, आणि रिक्षातून उतरल्यावर प्रश्न न विचारता आधी खायला. आता मी दारातच शेंगदाण्याचा लाडू हातात देते. अभ्यास, दप्तर, "आज काय शिकवलं", सगळं साडेपाचनंतर. रडणं संपलं नाही, पण तासाचं दहा-पंधरा मिनिटांवर आलं. त्या वेळात मी जवळ बसते, बोलत नाही. बोलल्यानं वाढतं.

आता राहिला प्रश्न आमच्या घरचा. आम्ही सगळे सूर्यास्ताच्या आत जेवतो. सांगलीत हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्या वेळी याला भूक नसते, ताटात चिवडत बसतो. आणि आठ वाजता, औषध पूर्ण उतरलं की, "आई, भूक लागलीय." पाणीसुद्धा नको म्हणणाऱ्या घरात मी कोणत्या तोंडानं गॅस पेटवू? पहिले काही दिवस समजूत काढून उपाशीच झोपवलं. वजनाचा काटा पाहिल्यावर ते धाडस राहिलं नाही. एका रात्री दूध तापवलं आणि सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी गप्प. त्या म्हणाल्या, "नियम आपण घेतलाय. त्यानं कुठं घेतलाय? आठ वर्षांच्या आतल्या मुलाला नियम नसतो." वर म्हणाल्या, "नुसतं दूध काय देतेस, उपमा ठेवत जा दिवसाउजेडीच करून."

तेव्हापासून पाचलाच त्याच्या वाटणीचा उपमा किंवा मऊ खिचडी करून झाकून ठेवते. आठला तो एकटाच जेवतो, आजी शेजारी माळ घेऊन बसतात.

पुढच्या श्रावणात त्याला आठ पूर्ण होतील. मी तो विषय अजून काढलेला नाही, त्यांनीही नाही. वजन मात्र तीनशे ग्रॅमनं भरून आलंय, आणि परवा दुपारी तो परत गुणगुणत होता.