रस्सा वेगळा, हिशेब सोपा!

नाशकात राहायचं, मिसळ सोडायची नाही आणि वजनकाट्याशी भांडणही नको? जमतं बॉस! फक्त ऑर्डर देता आली पाहिजे.

रविवारी सकाळी नाशिकची तरुणाई कुठे सापडते? जिममध्ये तर मुळीच नाही. ती सापडते मिसळीच्या टेबलावर! गंगापूर-सातपूर लिंक रोडवर ‘साधना’ची चुलीवरची मिसळ, कॉलेज रोडला ‘तुषार’, सातपूरला ‘श्यामसुंदर’, पंचवटीत ‘अंबिका’, जुन्या गावात ‘भगवंतराव’... प्रत्येकाचा अड्डा ठरलेला आणि ‘आमचीच बेस्ट’ हा वादही ठरलेला. वाढदिवस असो, प्रमोशन असो की नवी गाडी, पार्टी एकच. मिसळ पार्टी!

लोचा होतो तो कंपनीच्या मेडिकल चेकअपचा रिपोर्ट हातात पडल्यावर. वय अठ्ठावीस, दिवसभर खुर्ची आणि शुगरच्या रकान्यात ‘बॉर्डरलाइन’. ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मग सुरू होतं टोकाचं डाएट. ग्रुपवर ‘मी नाही येत रे’ असा मेसेज जातो. दोन रविवार दांडी आणि तिसऱ्या रविवारी सूड घेतल्यासारख्या दोन प्लेट! मधल्या काळात दोस्तमंडळी बोलवायचंच बंद करतात, ते वेगळंच.

पण बाहेर खाणं हे आपल्या पिढीसाठी नुसतं खाणं नसतंच. आठवड्याभराच्या गप्पा तिथेच होतात. म्हणून टेबल सोडू नका, टेबलावरचा हिशेब शिका. आणि त्यासाठी नाशिकसारखं गाव नाही!

सगळं वाटीवाटीत

नाशिकच्या मिसळीची खासियत काय, तर ती सुटी येते. मटकी-फरसाण एकीकडे, रस्सा वेगळ्या वाटीत, सोबत कांदा-लिंबू, दही, पापड, पाव. काय किती मिसळायचं हे आचारी नाही, तुम्ही ठरवता. यात खरा हिरो कोण? मटकी! सुक्या मटकीत १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रोटीन असतं, शिवाय फायबर. व्हिलन दोनच. फरसाण, ज्याच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरीज असतात. आणि रश्श्यावरचा तो लालभडक तवंग. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरीज, मग ते कितीही झणझणीत असो.

तेव्हा ऑर्डर अशी द्या : ‘दादा, मटकी जास्त, फरसाण कमी, रस्सा खालून ढवळून.’ कोणी हसत नाही. मसाल्याची चव रश्श्यात खालपर्यंत उतरलेली असते, वरचं तेल सोडलं म्हणून ठसका जात नाही. दही साधं घ्या, कांदा दुप्पट मागा आणि पाव दोनच. तिसरा पाव बहुतेक वेळा भुकेपोटी मागवला जात नाही, रस्सा उरला म्हणून मागवला जातो. उरलेला रस्सा सरळ पिऊन टाका की! आणि एक्स्ट्रा रस्सा आलाच, तर त्याच्याबरोबर पाव आलाच पाहिजे असा काही नियम नाही.

मेनरोड ते सोमेश्वर

दुपारी मेनरोडला खरेदीला गेलात की ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा खुणावणारच. उपवासाचा म्हणून तो हलका, असा एक गोड गैरसमज आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि वरून तळण. म्हणून एक प्लेट, दोघांत. चव तीच, हिशेब अर्धा. बुधा हलवाईची जिलेबीसुद्धा याच नियमाने! आणि कोंडाजी चिवडा पाहुण्यांसाठी घ्याच, फक्त पाकीट गाडीत फोडू नका. ट्रॅफिकमध्ये हात आपोआप पाकिटात जातो.

संध्याकाळी गंगेवर गेलात तर भेळ बरी. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी, लिंबू. शेव कमी, गोड चटणी नावापुरती, फुटाणे जास्त. भजीच्या गाडीशेजारी उभं राहून हे सांगणं जड जातं खरं, पण जमतं. सोमेश्वरला धबधबा बघायला गेलात तर निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस घ्या, तिखट-मीठ-लिंबू लावून. बटर नाही, तेल नाही आणि चावायला वेळ लागतो हा बोनस. ज्यूस सेंटरवर मात्र ‘साखर नको’ हे मिक्सर फिरायच्या आधी सांगा. त्याहून भारी म्हणजे फळांची प्लेट. ज्यूस गाळला की फायबर गाळणीतच राहतं.

नागलीचा फंडा

मुंबई-पुण्याहून आलेल्या मित्रांना त्र्यंबक रोडला फिरवायला नेताय? मग जेवणात भाकरीच सांगा. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगराळ पट्ट्यात नागली पिकते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि मॉलमध्ये ‘रागी कुकीज’ आल्या. इथल्या आदिवासी घरांत ती भाकरी कधीपासून आहे! नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरीला तेल लागत नाही आणि एका भाकरीत पोट भरतं. सोबत पिठलं, ठेचा, कांदा, ताक. शेवभाजीचा मोह झालाच तर टेबलात एक वाटी. तळलेली शेव पुन्हा तेलाच्या रश्श्यात पोहत असते, हे विसरू नका.

रात्रीचं हॉटेल : इथे जपून!

खरी परीक्षा रात्री. मिसळीत सगळं सुटं दिसतं. पंजाबी ग्रेव्हीत काहीच दिसत नाही. काजूपेस्ट, क्रीम, बटर आधीच एकजीव झालेलं असतं, वाटीत आल्यावर ते बाजूला काढता येत नाही. म्हणून जे बोलायचं ते ऑर्डर देतानाच. ‘बटर मसाला’ऐवजी तंदुरी किंवा टिक्का, ‘दाल मखनी’ऐवजी साधं वरण किंवा डाळ, त्यावर तडका कमी. बटर नानऐवजी तंदुरी रोटी, बटर न लावता. सूप घेताय तर ‘क्रीम ऑफ’ने सुरू होणारी सगळी नावं सोडून द्या.

मोठ्या चेनमध्ये गेलात तर मेन्यूकार्ड नीट वाचा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेल्सना पदार्थापुढे कॅलरीज छापणं एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं. तो आकडा बारीक अक्षरात असतो, पण असतो. आपल्या मिसळवाल्याकडे आकडा नाही, पण तिथे डोळ्यांना तेल दिसतं. दोन्हीकडे बघायची तयारी मात्र आपलीच हवी.

आणि वाइन कॅपिटलमध्ये राहून वाइनचं काय? दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात साधारण सव्वाशे कॅलरीज. एक ग्लास ठीक, पण शेजारचा चीज प्लॅटर आणि फ्राइज मोजायला विसरू नका. जानेवारी ते एप्रिल तर त्याहून सोपा पर्याय रस्त्याच्या कडेला पाटीत मांडलेला असतो. १०० ग्रॅम द्राक्षं, सत्तरच्या आसपास कॅलरीज, डेझर्ट खलास! गोड आहेत म्हणून किलोभर एकट्याने संपवू नका, एवढंच.

तेव्हा मंडळी, पुढच्या रविवारी ग्रुपवर ‘मी नाही येत’ लिहू नका. ‘येतोय, पण फरसाण कमी’ असं लिहा. बघा, आणखी दोघं-तिघं खाली ‘माझंही’ म्हणतील!