मताचे मूल्य वीस

नागरिकशास्त्रात राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा भाग आला की मला हुरूप येतो, कारण त्यात गणितही आहे. राष्ट्रपतींना आपण थेट निवडत नाही. संसदेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून त्यांना निवडतात. नेमलेल्या सदस्यांना या निवडणुकीत मत नसते.

इथपर्यंत मुले निमूट ऐकतात. मग मी फळ्यावर लिहिते : २०२२ च्या निवडणुकीत एका आमदाराच्या मताचे मूल्य उत्तर प्रदेशात २०८, महाराष्ट्रात १७५, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. लगेच कुजबुज सुरू होते.

"बाई, म्हणजे आपल्या गोव्याची किंमत कमी?" एका मुलीने विचारले. तिच्या आवाजात राग होता. मला तो आवडला. मी तिलाच खडू दिला. १९७१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२०. तिला ४० आमदारांनी भागायचे, मग १,००० ने. उत्तर १९.८७८, म्हणजे २०. उत्तर प्रदेशात एका आमदारामागे तेव्हाची सुमारे २ लाख ८ हजार माणसे येतात. तिने हिशोब पाहिला आणि म्हणाली, "मग हे वीस आमदाराचे नाहीतच, माणसांचे आहेत!"

अगदी बरोबर. आणि मुलांनो, हा हिशोब मतदारांचा नाही, सगळ्या लोकसंख्येचा आहे. १९७१ साली तुमचे जे आजी-आजोबा शाळेत होते, त्यांना मत नव्हते. पण या आकड्यात ते आहेत.

मग आजची लोकसंख्या का धरत नाहीत? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे वजन त्यामुळे घटू नये म्हणून १९७६ साली घटनादुरुस्ती करून १९७१ चे आकडे कायम ठेवले. २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ते आकडे आले की पुन्हा भागाकार करावा लागेल. तेव्हा कोणाला काय न्याय्य वाटेल, यावर पालकांनी घरी मुलांशी जरूर बोलावे.

गोव्याच्या ४० आमदारांचे मिळून मूल्य ८००. साऱ्या देशाच्या १०,८६,४३१ मध्ये ते थोडेच. पण १९८७ साली गोवा राज्य होईपर्यंत, केंद्रशासित प्रदेश म्हणून, इथल्या आमदारांना हे मत मुळीच नव्हते. शून्यावरून आपण ८०० वर आलो आहोत.