जाताना काही बोलला का?

चूक करणाऱ्याला त्याची चूक सांगायची कशी, हा प्रश्न बहुतेकांना घरात, शाळेत किंवा जमातीच्या बैठकीत पडतो. आम्हाला तो पोटापाण्याच्या कामात पडला. आमचे काम संगणकाच्या पडद्यामागचे. ऐकायला नीरसच, पण त्यात एका खालांच्या ओव्या गेल्या, म्हणून हे लिहायला बसलो.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात पडद्याचा ताबा एकाच प्रोग्रॅमकडे असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. लिहिण्याचा प्रोग्रॅम असो की चित्रे पाहण्याचा, पडद्याला थेट हात कुणालाच लावता येत नाही. 'मला खिडकी द्या', 'हे चित्र दाखवा' अशी विनंती सर्व्हरकडे करायची. विनंती करणारा तो क्लायंट, आणि दोघांनी कसे बोलायचे याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. मध्ये एक लायब्ररी असते. ती हे बोलणे बांधते, पोचवते आणि पलीकडे उलगडते. क्लायंटने नियम मोडला तर ते त्याच्या कानावर घालणे हेही तिचेच काम.

जुनी रीत एक्सची. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली तिची सुरुवात झाली आणि १९८७ साली अकरावी आवृत्ती आली. एक्समध्ये चूक म्हणजे ३२ बाइटांची एक चिठ्ठी. कोणत्या जातीची चूक, कितव्या विनंतीत, कोणत्या वस्तूबाबत, एवढाच मजकूर. संबंध तुटत नाही, सर्व्हर पुढच्या कामाला लागतो. चिठ्ठी मात्र उशिरा हातात पडते, कारण विनंत्या गठ्ठ्याने जातात. क्लायंट दहा पावले पुढे गेलेला असतो तेव्हा मागच्या पावलाची तक्रार येते. एक्सलिब या लायब्ररीचा शिरस्ता ती चिठ्ठी छापून प्रोग्रॅम संपवण्याचा. पण प्रोग्रॅमला आपला वेगळा बंदोबस्त करता येतो, आणि कित्येकांनी तो चिठ्ठी न वाचता फेकून देण्यापुरताच केला.

सर्व्हरची ही सवलत उगाच नव्हती. एक्समध्ये एकाची खिडकी दुसऱ्याला दिसते. खिडक्या मांडून ठेवणारा प्रोग्रॅम एखाद्या खिडकीची चौकशी करतो आणि नेमकी त्याच क्षणी तिचा मालक ती बंद करतो. 'अशी खिडकीच नाही' असे उत्तर येते. यात गुन्हा कुणाचा? कुणाचाच नाही. अशा वेळी संबंध तोडणे हा जुलूम झाला असता.

क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँडचे काम सुरू केले आणि २०१२ साली त्याची १.० आवृत्ती आली. इथे एका क्लायंटच्या वस्तू दुसऱ्याला दिसत नाहीत. क्लायंटने टाकून दिलेल्या वस्तूचा क्रमांकही सर्व्हरने 'मोकळा झाला' असे कळवल्याशिवाय पुन्हा वापरायचा नाही. त्यामुळे निष्पाप घोटाळ्याला जागा फार थोडी उरली आणि नियम कडक झाला. प्रोटोकॉल मोडला की सर्व्हर एक शेवटचा निरोप पाठवतो. त्यात कोणती वस्तू, कोणत्या क्रमांकाची चूक आणि माणसाला वाचता येईल असे एक वाक्य असते. त्यानंतर संबंध संपला. आम्हाला हा कडकपणा पटतो. दोघांच्या मनात एकाच गोष्टीची दोन वेगळी चित्रे असताना संभाषण चालू ठेवले की पुढचे सगळेच बिघडत जाते, आणि मूळ चूक कुठे झाली ते शोधता शोधता दिवस जातात.

आता खालांविषयी. त्या आमच्या मोहल्ल्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या अम्मी जात्यावर ओव्या म्हणायच्या. त्यांत पिराचा उरूसही यायचा आणि पंढरीची वाटही. अम्मी गेल्या, जाते अंगणात उलटे पडले, ओव्या फक्त खालांच्या डोक्यात राहिल्या. त्या आठवतील तशा उतरवून ठेवायच्या म्हणून त्यांनी आमच्याकडून लॅपटॉपवर मराठी कळफलक बसवून घेतला. लिहिण्याचा प्रोग्रॅम कुणीतरी हौसेने बनवलेला, साधासा. पुढे मुलाने बारीक ठिपक्यांचा मोठा पडदा आणून दिला. एके दिवशी असरनंतर बसून मगरिबच्या अजानपर्यंत त्यांनी सतरा ओव्या उतरवल्या. माउस नव्या पडद्याकडे सरकवला आणि खिडकी नाहीशी झाली. ना इशारा, ना घंटी. रात्री फोनवर त्यांनी विचारले, "बेटा, जाते जाते कुछ बोल्या नै क्या?"

बोलला होता, पण त्यांच्याशी नाही. यंत्राच्या नोंदवहीत एक ओळ सापडली. माउसच्या बाणाचे चित्र २५ गुणिले २५ ठिपक्यांचे, त्याची पट २ सांगितलेली, आणि नियम असा की आकाराला पटीने पूर्ण भाग गेला पाहिजे. ओळीत हे आकडे होते म्हणून आम्ही तासाभरात दोषापर्यंत पोचलो आणि प्रोग्रॅमच्या कर्त्यांना कळवू शकलो. तिथे नुसते 'अवैध' असते तर आठवडा गेला असता. सर्व्हर लिहिणाऱ्यांशी आमचा वाद होतो तो इथेच. या वाक्यासाठी लायब्ररीत जागा १२८ बाइटांची, जास्तीचे कापले जाते. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे मराठीत सांगायचे तर चाळीसेक चिन्हांतच आटपावे लागेल! तरीही काय मिळाले आणि काय हवे होते, हे दोन आकडे मावतातच.

ही ओळ पोचली हेही थोडे नव्हे. सर्व्हर निरोप पाठवून दार बंद करतो, आणि त्याच वेळी क्लायंट काहीतरी लिहीत असतो. लिहिणे फसते, 'नळी तुटली' असे समजते, आणि तिथेच हात झटकले तर येऊन पडलेला निरोप न वाचलेलाच राहतो. वेलँडच्या लायब्ररीत यावर तोड आहे. लिहिणे अशा कारणाने फसले तर ते दुर्लक्षून आधी आलेले वाचून घ्यायचे, असे तिथल्या एका टिपणात कारणासकट लिहिले आहे. ते टिपण आम्हाला फार आवडते.

दोष सर्व्हरचाच असला तर? एक्सच्या मूळ यादीत सतरा चुका आहेत आणि सतरावी 'सर्व्हरमध्येच बिघाड' अशी आहे. वेलँडमध्ये तशी सोय २०१९ साली, १.१७ आवृत्तीत आली. तोवर सर्व्हरने आपला बिघाडही क्लायंटच्या एखाद्या चुकीच्या नावावर खपवण्याची वेळ यायची. संबंध याही वेळी तुटतोच, पण निदान ठपका योग्य माणसावर जातो.

खालांना या कशाचाच उपयोग नव्हता, आणि आमची खरी तक्रार ती आहे. संबंध तुटला तरी क्लायंट त्या क्षणी मेलेला नसतो. खिडकी गेली, पण प्रोग्रॅम जिवंत असतो आणि सतरा ओव्या त्याच्या स्मृतीत जशाच्या तशा असतात. लायब्ररी त्याला सांगते की ही प्रोटोकॉलची चूक आहे, या वस्तूची आहे, या क्रमांकाची आहे. त्यापुढे पळभरात मजकूर डिस्कवर उतरवता येतो. पण खिडक्या-बटणे पुरवणारी अनेक साधने निरोप नोंदवहीत टाकतात आणि तिथल्या तिथे प्रोग्रॅम संपवतात. त्यांचा युक्तिवाद असा की पडदाच नाही तर जगून करायचे काय.

प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी बाणाचे चित्र लगेच दुरुस्त केले. मरण्याआधी मजकूर उतरवून ठेवावा आणि पुढच्या वेळी उघडताना वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे, ही आमची दुसरी सूचना. तिचा पहिला अर्धा त्यांनी घेतला. उरलेल्या अर्ध्यासाठी मराठी वाक्य आम्ही धाडले आहे. खालांना त्या सतरांपैकी अकरा ओव्या पुन्हा आठवल्या आहेत.